केमोनंतर पायांची आग, मुंग्या आणि बधिरपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातुरात फिजिओथेरपी करते. केमो संपवून आलेली माणसं माझ्याकडे बहुतेक वेळा खांदा, गुडघा किंवा हाताची सूज दाखवायला येतात. सगळं झाल्यावर उठताना, पायाने चप्पल चाचपडताना हळूच म्हणतात, "अन् पायाची लई आग होती बघा. पण जाऊ द्या, जीव वाचला हेच लई झालं." ते जाऊ द्यायचं नाही, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेलचे बारा डोस दिले होते. त्यामुळे यातलं निम्मं मी शिकून जाणते आणि निम्मं घरात पाहून. गोळ्यांबद्दल जे लिहिलं आहे ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे. वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, आणि चालू असलेली बंदही करू नका.

केमो तर कॅन्सरवर होती. मग पायांना काय झालं?

पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस कमरेच्या मणक्याजवळून निघते आणि जवळजवळ मीटरभर लांब असते. तिचं सगळं रसद-पाणी वरच्या टोकाला तयार होतं आणि आतल्या बारीक नळ्यांवरून खाली पोचतं. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, व्हिंक्रिस्टिन ही औषधं नेमका या नळ्यांवर घाव घालतात. सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं मणक्याजवळच्या मूळ पेशीलाच इजा करतात. मल्टिपल मायलोमावर (हाडांच्या मगजातल्या कर्करोगावर) देतात त्या बोर्टेझोमिब आणि थॅलिडोमाइडचाही नसांना त्रास होतो. कालव्याला पाणी कमी सुटलं की सगळ्यात आधी शेवटचं शेत कोरडं पडतं, तसंच इथे होतं. आधी बोटं, मग तळवा, मग घोटा. म्हणूनच त्रास मोजा घातल्यासारखा आणि दोन्ही पायांना सारखा असतो. हाताची बोटं बऱ्याचदा नंतर धरतात.

नेमकं काय होतं? माझं तेच आहे का?

कुणी सांगतं, पाय निखाऱ्यावर ठेवल्यावानी. कुणी म्हणतं, कापसावर चालल्यावानी. मुंग्या, टाचण्या टोचणं, मध्येच सणक जाणं, रात्री अंगावरचं पांघरूणसुद्धा पायाला सहन न होणं. ही झाली दुखणारी बाजू.

दुसरी बाजू न दुखणारी, आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. आई एकदा मागच्या नळावरून घागर घेऊन घरात आली, तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी नळाजवळच चिखलात रुतून राहिली होती आणि तिला पत्ताच नव्हता. मी दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ स्वतःच्या पायाकडे बघत उभी राहिली. चप्पल सुटलेली कळत नसेल तर काटा मोडलेलाही कळणार नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

हे किती जणांना होतं, आणि बरं होतं का?

पुष्कळांना होतं. 2014 साली 31 अभ्यासांमधल्या चार हजारांहून जास्त रुग्णांची आकडेवारी एकत्र करून पाहिली होती. केमो संपल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे 68 टक्के लोकांना हा त्रास होता, तीन महिन्यांनी 60 टक्के आणि सहा महिन्यांनंतर 30 टक्के लोकांना. म्हणजे बऱ्याच जणांचं उतरतं, पण सगळ्यांचं नाही, आणि उतरायला महिने लागतात. नस वाढली तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढते.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि लोक घाबरून जातात. सिस्प्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनच्या बाबतीत केमो थांबल्यावरही दोन ते सहा महिने त्रास वाढत जाऊ शकतो आणि मगच कमी व्हायला लागतो. "औषध बंद झालं तरी वाढतंच आहे, म्हणजे काहीतरी भलतंच" असं मनात आणू नका. डॉक्टरांना मात्र सांगा.

म्हणजे कॅन्सर परत आला असं तर नाही ना?

दोन्ही पायांत सारखी, बोटांपासून सुरू झालेली, हळूहळू चढलेली आग बहुतेक वेळा केमोचीच असते.

पण पाठीत नवीन जोराचं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडकणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला असण्याची शक्यता असते आणि तिथे तासांचा हिशोब असतो. पुढच्या तारखेची वाट बघू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तेही लगेच दाखवा, कारण रक्ताची गुठळी असू शकते.

केमो अजून चालू आहे आणि मुंग्या सुरू झाल्या. सांगितलं तर केमो बंद करतील का?

ही भीती मी घराघरात पाहिली आहे. आईनेही चार आठवडे लपवलं होतं, कारण "एक डोस चुकला तर सगळं वाया जाईल". डॉक्टरांच्या हातात केमो बंद करणं एवढाच एक मार्ग नसतो. डोस कमी करता येतो, थोडा पुढे ढकलता येतो, औषध बदलता येतं. बोर्टेझोमिब शिरेतून देण्याऐवजी त्वचेखाली दिलं तर नसांना कमी त्रास होतो, हे चाचणीत दिसलं आहे. हे सगळं वेळेवर सांगितलं तरच शक्य असतं, कारण बहुतेक औषधांचा त्रास एकूण किती औषध गेलं त्यावर वाढत जातो. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून सुटते, अंधारात तोल जातो, ही तीन वाक्यं डॉक्टरांसाठी "मुंग्या येतात" यापेक्षा फार मोलाची आहेत.

ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असलेल्यांसाठी वेगळं सांगते. डोसनंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 वर गेला की माठाशिवाय चालत नाही, पण तेवढे दिवस माठाचं आणि फ्रिजचं पाणी टाळा, साधं किंवा कोमट घ्या. हा गारव्याचा त्रास काही दिवसांत ओसरतो.

यावर खात्रीचं औषध कोणतं?

नस पूर्ववत करणारं औषध आज तरी नाही. जी आहेत ती दुखणं कमी करणारी आहेत. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण खोट्या आशेवर लोक पंधरा दिवसांत गोळी सोडून देतात.

केमोमुळे आलेल्या नसांच्या दुखण्यासाठी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'एस्को'ने, 2014 आणि 2020 अशा दोन्ही मार्गदर्शक सूचनांमध्ये एकाच औषधाचं नाव घेतलं आहे: ड्युलोक्सेटिन. 2013 साली छापून आलेल्या चाचणीत 231 रुग्ण होते. पहिला आठवडा 30 मिलिग्रॅम, नंतर चार आठवडे 60 मिलिग्रॅम. गोळी घेणाऱ्यांपैकी 59 टक्के लोकांचं दुखणं थोडंफार तरी कमी झालं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी 38 टक्के लोकांचं. दहापैकी गुण दिले तर सरासरी घट एका गुणाच्या आसपास होती. आकडा लहान वाटतो. पण रात्री दोनला उठून फरशीवर पाय टेकवून बसणाऱ्या माणसाला एवढ्यानेसुद्धा झोप लागू शकते. प्लॅटिनमच्या औषधांनी झालेल्या त्रासात याचा गुण जास्त दिसला, टॅक्सेनच्या, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल-डोसेटॅक्सेलच्या, त्रासात कमी.

हे औषध मुळात नैराश्यावरचं आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहून "ही डोक्याची गोळी आहे" असं म्हटलं म्हणून कितीतरी जणांनी ती घेतलीच नाही. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना वाटेत त्याची धार कमी करणं हे तिचं काम आहे. तुम्हाला वेड लागलंय असं कुणाचं म्हणणं नाही. सुरुवातीला मळमळ, गुंगी, तोंड कोरडं पडणं, घाम असं होऊ शकतं. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. एकदम बंद करायची नाही, उतरवत न्यायची.

सुरू करण्याआधी या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा: यकृताचा आजार, काचबिंदू, बीपी, ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी चालू असणं, आणि स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन चालू असणं. शरीरात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर होण्यात ड्युलोक्सेटिन अडथळा आणू शकतं. एक डॉक्टर टॅमॉक्सिफेन लिहितो, दुसरा नसांची गोळी लिहितो आणि दोन्ही चिठ्ठ्या समोरासमोर येतच नाहीत, असं आपल्याकडे सहज घडतं. पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवा.

मला तर प्रीगॅबालिन दिलंय. ते चुकीचं आहे का?

चुकीचं नाही. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन मधुमेहाच्या नसदुखीत चालतात, म्हणून इथेही वापरून पाहतात. केमोच्या त्रासात त्यांचा पुरावा मात्र कमजोर आहे. गॅबापेंटिनच्या 2007 सालच्या चाचणीत फायदा दिसला नव्हता. तरी काहींना रात्रीची झोप मिळते. गुंगी, चक्कर, पायावर सूज आणि वजन वाढणं यांवर लक्ष ठेवा. मूत्रपिंड अशक्त असेल, आणि सिस्प्लॅटिननंतर ते असू शकतं, तर डोस कमी लागतो. काही डॉक्टर रात्री अॅमिट्रिप्टिलिन देतात. वयस्कर पुरुषांना त्याने लघवी अडू शकते, हृदयाचा आजार असेल तरी सांगा.

कोणतंही औषध पुरेशा डोसने महिनाभर घेऊन फरक पडला नाही, तर परत जाऊन तसं सांगा. फायदा नसलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं गिळत राहू नका.

मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून खाल्ली तर?

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सुजेच्या दुखण्यावर चालतात, नसेच्या आगीवर त्यांचा फारसा उपयोग नाही. उलट केमोने दमलेल्या मूत्रपिंडाला त्या महागात पडतात.

नसांच्या ताकदीच्या गोळ्या, बी-12ची इंजेक्शनं?

रक्तात बी-12 कमी असेल तर ते जरूर घ्या. शाकाहारी लोक, माळकरी घरं आणि वर्षानुवर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात ते कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून एकदा तपासून घ्या. पातळी चांगली असताना इंजेक्शनं टोचून केमोचा त्रास जात नाही. बी-6 तर मोठ्या मात्रेत, लांबपर्यंत घेतलं तर स्वतःच नसा खराब करतं.

पाकिटावर 'अॅसिटिल एल कार्निटिन' असं लिहिलंय का ते मात्र नक्की बघा. 2013 साली 409 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत केमोबरोबर ते देऊन पाहिलं, तर नसांचा त्रास कमी होण्याऐवजी वाढला. एस्कोची सूचना स्पष्ट आहे, प्रतिबंधासाठी हे देऊ नये. आपल्याकडे अनेक 'नसांच्या' कॅप्सूलमध्ये ते मिसळलेलं असतं.

काशाची वाटी, बिब्बा, विटेचा शेक, यातलं काय चालेल?

काशाच्या वाटीने तूप किंवा तेल लावून तळपाय चोळणं, हलक्या हाताने आणि पायाला जखम नसेल तर, खुशाल करा. नस बरी होणार नाही, पण अनेकांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि घरातलं कुणीतरी रोज पाय हातात घेऊन बघतं हा त्याहून मोठा फायदा. केमो चालू असताना प्लेटलेट कमी असतील तर जोर देऊ नका.

बिब्बा अजिबात नाही. तळपायाला बिब्ब्याचा चटका देण्याची रीत आपल्या गावांमध्ये अजून आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि बधिर पायाला ते किती भाजलं हे समजतच नाही. विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, थंडीत शेकोटीजवळ पाय पसरून बसणं, याचाही धोका तोच. उलट टोक म्हणजे आग होते म्हणून बर्फात पाय बुडवून बसणं, तेही नको. साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि भस्मं यांच्यापासून लांब राहा. काहींमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक सापडतं. शिसं आणि आर्सेनिक हे तर नसांचे उघड शत्रू आहेत.

सदाफुलीची पानं खाल्ली तर फायदा होतो म्हणतात?

व्हिंक्रिस्टिन सदाफुलीपासूनच मिळतं, हे खरं. पण नसांना इजा करणाऱ्या औषधांपैकीच ते एक आहे. अंगणातली पानं चावून किती काय पोटात जातं याचा काही हिशोब नसतो. खाऊ नका.

साखर आहे आणि केमोही झाली. आता?

दोन्हींचा मार त्याच नसांवर बसतो. साखर ताब्यात ठेवणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. दारू आणि तंबाखूचंही तेच, दारू तर नसांना थेट मारते. थायरॉइडही एकदा तपासून घ्या. बधिर चट्टा एकाच जागी असेल, त्याचा रंग फिका पडला असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते, उपचार मोफत आहे आणि आजार बरा होतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

व्यायामाने नस दबणार नाही ना?

नाही, हालचालीने फायदाच होतो. माझं कामच हे असल्यामुळे इथे थोडं रेंगाळते.

सकाळी स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात धरून उभं राहा. टाचा उचला, पाच मोजा, हळू खाली या. दहा वेळा. मग ओटा धरूनच एका पायावर दहा मोजेपर्यंत उभं राहा, नंतर दुसऱ्या. जमायला लागलं की दोन हातांऐवजी एक हात, मग फक्त दोन बोटं. पुढे खुर्चीवर बसून पायाच्या बोटांनी चिंचोके उचलून वाटीत टाका. पहिल्या दिवशी आईला वीस मिनिटांत तीन उचलता आले आणि ती वैतागून उठून गेली. दोन महिन्यांनी ती टीव्ही बघत बघत वाटी भरायची. आग त्याने गेली नाही, पण नळापर्यंतचा उतार ती भिंत न धरता उतरायला लागली.

चालणं रोज, बुटात, सपाट जागेवर. डोळे मिटून तोल सांभाळायचे प्रयोग एकट्याने करू नका.

शेतात जाऊ का?

जा, पण अनवाणी कधीच नको. तुरीची आणि पऱ्हाटीची धसकटं चपलेच्या कडेतून सरळ आत शिरतात. माझ्याकडे आलेल्या एका काकांना तळव्यात धसकट गेलेलं संध्याकाळी समजलं, तेही ओसरीतल्या फरशीवर रक्ताचे ठसे नातवाला दिसले म्हणून. रानात गमबूट किंवा बंद बूट घाला. घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात घालून बघा. गावात आणि घरात मागून पट्टा असलेली एमसीआर चप्पल बरी. आतून मऊ, खालून टणक, आणि पट्ट्यामुळे पायातून सुटत नाही.

रात्रीची लाइट असते म्हणून पाणी धरायला जाता, ते शक्यतो दुसऱ्यावर सोपवा. अंधारात तोल सांभाळायला डोळ्यांची मदत मिळत नाही. मोटारसायकलचा ब्रेक दाबल्याचं पायाला कळत नसेल, तर काही महिने मागे बसा. घरात उंबऱ्याजवळचं गोणपाट उचलून टाका, न्हाणीत आणि संडासच्या वाटेवर दिवा ठेवा.

पाय रोज कसा तपासायचा?

झोपण्याआधी, उजेडात. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा, किंवा नातवंडाला बघायला सांगा. लालसर जागा, फोड, चीर, काटा, नखाची कड. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने तपासा. कुरूप ब्लेडने कापू नका. जखम दिसली तर दुखत नाही म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नवस आहे.

हा प्रश्न दर वर्षी कोजागरीच्या सुमाराला येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, कारण नवस याच आजारासाठी बोललेला असतो. माझं मत विचाराल तर अनवाणी जाऊ नका. बूट-मोजे घालून चाला, थकलात तर गाडीत बसा, आणि देवळात मोजे घालून दर्शन घेता येईल का ते विचारा. दुपारी तापलेल्या फरशीवर बधिर पाय भाजतो. आईने माझ्यासमोर देवीला हात जोडून सांगितलं होतं, "पाय तूच राखलेस, आता जपून वापरते."

दाखवायचं कुठे?

आधी जिथे केमो झाली तिथेच. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय असो, बार्शी असो की मुंबईचं टाटा, तिथे 'वेदना' किंवा 'पॅलिएटिव्ह' विभाग आहे का विचारा. पॅलिएटिव्ह म्हटलं की लोकांना शेवट आला असं वाटतं. तसं नाही, दुखणं कमी करणं हेच त्यांचं काम आहे, मग माणूस पुढे तीस वर्षं जगणार असला तरी. गावाजवळ न्यूरॉलॉजिस्ट असेल तर तोही चालेल. त्रास नेहमीसारखा मोज्यासारखाच असेल तर एमआरआय किंवा नसांची तपासणी दर वेळी लागतेच असं नाही. खर्च करण्याआधी "याने उपचार बदलेल का?" एवढं विचारा. चिठ्ठी मिळाली की त्याच औषधाची जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रात आहे का पाहा.

तिथे तर दोन मिनिटंही मिळत नाहीत. सांगायचं काय?

घरूनच कागदावर लिहून न्या आणि फाइलच्या सगळ्यात वर लावा. आईचा कागद असा होता:

"पॅक्लिटॅक्सेल बारा डोस, शेवटचा संपून चार महिने. दोन्ही तळपायांची आग, घोट्यापर्यंत. दिवसा दहापैकी चार, रात्री सात. झोप तीन तास. चप्पल सुटलेली कळत नाही. दोनदा पडले. टॅमॉक्सिफेन चालू आहे. साखर नाही. बी-12 तपासलेलं नाही."

डॉक्टरांनी तो वाचला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "मावशी, चप्पल काढा, पाय बघू."